धवल्यातली तेवीस नावं

“कोनी इचारलं तं म्हनायचं, मना म्हाईत न्हाय. ऐकलंस ना, बाय?”

बापाचा हा आवाज पंचावन्न वर्षांपूर्वीचा, मिठागराच्या बांधावरचा. कृष्णाबाईला तो ऐकू आला ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये, सकाळी अकराच्या सुमाराला, पंख्याच्या घरघरीत. आणि तिच्या हातातला अडकित्ता सुपारीवर तसाच थांबला.

समोर टेबलामागे बसलेल्या सरकारी बाई यादी वाचत होत्या.

“तुळशीराम धाया. आंब्याखालचे.”

पुरुषांच्या बाजूला एक खुर्ची करकरली.

“हरेश्वर लक्ष्मण. बांधावरचे. जीवन गोमा. दोन विहिरींचे.”

पुढचं नाव बाईंनी वाचायच्या आधीच कृष्णाबाईच्या ओठांवर आलं होतं. बुधाजी नामा, चिंचेकडचे. बाईंनी पान उलटलं, चष्मा वर सारला आणि म्हणाल्या, “बुधाजी नामा. चिंचेकडचे.”

कृष्णाबाईनं ओठ मिटून घेतले, डोळेही. त्याच्यापुढचंही तिला ठाऊक होतं, त्याच्याही पुढचं. तेवीस नावं होती. बाई एकेक नाव घेत होत्या आणि कृष्णाबाई एकेक पाऊल पुढे उभी होती, अंधारात ओळखीच्या पायऱ्या उतरावं तशी. शेवटचं नाव आलं तेव्हा तिनं डोळे उघडले आणि आजूबाजूला पाहिलं. दुसऱ्या कुणाच्या काही ध्यानात आलेलं दिसत नव्हतं. बायका पदरानं वारा घेत होत्या. पुरुष एकमेकांकडे पाहत होते, आणि ते पाहणं काही बरं नव्हतं.

करंजखार हे गाव रेवसच्या धक्क्यापासून दोन कोसांवर, खाडीला पाठ करून बसलेलं. बंदराच्या रस्त्यात गावाची निम्मी खाजणं गेली, मिठागरंही गेली, आणि मोबदल्याचा पैसा आला. त्यातल्या काहींचे डंपर झाले, काहींचे स्लॅब झाले, आणि उरलेला पैसा प्रणयच्या नाक्यावरच्या दुकानातून, एका अॅपमधून, कुठल्याशा परदेशातल्या एक्स्चेंजवर जाऊन कॉइन झाला. तो डोळ्यांनी दिसत नव्हता, म्हणून भावाला, मेहुण्याला, कधी बायकोलाही दिसत नव्हता. पुष्कळांना तेच हवं होतं.

आता राज्यानं नवा नियम काढला होता. राज्यातल्या लोकांशी व्यवहार करायचा तर एक्स्चेंजनं राज्याकडे नोंदणी करायची. ज्यांनी केली नाही त्यांचे गावोगावचे मधले लोक बंद. त्यांच्याकडे ज्यांचे कॉइन होते त्यांनी नव्वद दिवसांत समोर यायचं, किती आहेत आणि कुठल्या पैशातून घेतले ते लिहून द्यायचं, आणि मग नोंदलेल्या एक्स्चेंजवरून ते सोडवून घ्यायचे.

“यादीत नाव आहे म्हणजे गुन्हा झाला असं नाही,” बाई समजावत होत्या. “उलट तुमच्याच संरक्षणासाठी आहे हे.”

“आज कॉइन इचारतात,” मागून कुणीतरी म्हणालं, “उद्या म्हंतील भरतीचं पानी किती आयलं त्ये पन लिवून द्या.”

हशा झाला. पण तो मध्येच विरला, कारण म्हातारा बुधाजी काठी टेकून उभा राहिला होता.

“जमिनीच्या टायमाला पन असंच आयलेले,” तो म्हणाला. “आधी नाव. मंग माप. मंग नोटीस. तवा पन आमच्याच संरक्षनासाठी होतं.”

तुळशीराम अजून बसूनच होता. आठ डंपरांचा मालक, गळ्यात बोटभर जाड साखळी. मोबदल्यातलं सगळं डंपरांत गेलं असं त्यानं थोरल्या भावाला तीन वर्षं सांगितलं होतं. थोरला भाऊ त्याच्या शेजारीच बसला होता आणि समोरच्या भिंतीकडे बघत होता.

“म्याडम, सीधी बात,” तुळशीराम म्हणाला. “ह्या गावात अर्धे म्हात्रे नि अर्धे पाटील. आधारवर तेच, सातबाऱ्यावर तेच. आंब्याखालचे, बांधावरचे, ही नावं कागदावर कंदी चढली न्हायत. ती तुमाला कोनी सांगितली?”

“माहिती कुठून आली ते आम्हाला सांगता येत नाही.”

या एका वाक्यानं, नियमाच्या बारा पानांना जमलं नव्हतं ते केलं. हॉलमधल्या माणसांनी सरकारकडे बघायचं सोडलं आणि एकमेकांकडे बघायला सुरुवात केली.

खिडकीशी एक तरुण माणूस फायली लावत उभा होता. चौकोनी चष्मा, बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट. त्यानं मान वर केली, बायकांच्या घोळक्यात त्याला कृष्णाबाई दिसली, आणि त्याचा चेहरा उजळला. हातातली फाईल काखेत धरून तो नमस्काराला हात जोडायला लागला.

कृष्णाबाईनं पदर कपाळावर ओढला आणि मान खाली घालून सुपारी फोडली.

कट्कन आवाज झाला. तिनं पुन्हा वर पाहिलं तेव्हा त्या माणसाचे हात खाली आले होते, आणि तो फायलीच लावत होता.

*

संशयाला आधी जागा लागते, मग माणूस. जागा नाक्यावर होती: मोबाइल रिचार्ज, झेरॉक्स आणि वर निळ्या अक्षरांत ‘क्रिप्टो मार्गदर्शन’. माणूसही तिथंच होता. तेवीसजणांना अॅप घालून देणारा प्रणय, आणि तेवीसांत त्याचं नाव नव्हतं.

“सगल्यांची नावं हायेत, तुजं कसं न्हाय रं?” हरेश्वरनं त्याला भर नाक्यावर विचारलं.

“मना काय ठाव, काका? मी दिली असती तर माझं पन टाकलं असतं ना, संशय नको म्हनून. एवढी अक्कल हाय मला.”

“तीच अक्कल म्हंतोय मी.”

दुसऱ्या दिवशी शटरवर खडूनं लिहिलेलं सापडलं, ‘सरकारचा कान’. प्रणयनं ते पुसलं. तिसऱ्या दिवशी ते ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं.

बहिष्कार हा शब्द कुणी तोंडातून काढला नाही. त्याविरुद्ध कायदा आहे, हे गावाला चांगलं माहीत होतं. फक्त प्रणयच्या आईला, विनिताला, नळावर कुणी हंडा सरकवून देईना. पापलेटवाली त्यांच्या दारावरून हाक न देता जायला लागली. आणि बुधवारी प्रणयची बहीण प्राप्ती हिची हळद होती, तिच्या मांडवासाठी ज्यांनी बांबू द्यायचे कबूल केले होते त्यांचे बांबू एकदम कमी भरले.

तुळशीराम कृष्णाबाईच्या ओटीवर आला तो शनिवारी, दुपारी तिची भाकरी ताटात होती तेव्हा. सोबत जिताड्याचे दोन तुकडे, केळीच्या पानात.

“जेव, जेव. बसत न्हाय मी.” तो बसला. “घसा कसा हाय, किस्नाबाय?”

“हाय तसा हाय.”

“वय झालं आता. उनाचं, धुलीचं सांबालाय पायजे.” त्यानं आढ्याकडे बघितलं. “बुधवारी बसला बिसला तं?”

कृष्णाबाईनं भाकरीचा घास मोडला, पण उचलला नाही.

“पोरीनं काय केलंय, तुलशीरामा?”

“पोरीला कोन काय बोलतंय? माजा सख्खा भाव आठ दिस माज्याशी बोलला न्हाय. एका घरात दोन चुली झाल्या. ज्यानं ही आग लावली त्याच्या घरात ढोल वाजायचं, नि आमी भात खायाला जायाचं?” मग तो हसला, त्याच्या नेहमीच्या मोठ्या हसण्यानं. “तू धवलारीन. तू गेलीस का गाव गेला. एवढंच म्हंतो. जिताडा आंबट कर. ताजा हाय.”

तो गेला. कृष्णाबाईनं ताट सरकवून केळीचं पान उघडलं. पानातला मासा खरोखरच ताजा होता.

*

आगऱ्याचं लग्न भट येण्याच्या आधी धवलारणीच्या तोंडून लागतं. ती धवला गाते: देवांना बोलावते, पितरांना बोलावते, तांदळाला, पाण्याला, कुंभाराच्या मडक्याला आमंत्रण देते, आणि मग मांडवात कोण कोण आलं, कुणी काय आणलं, ते गाण्यात गुंफते. कृष्णाबाई हे आईकडून शिकली, आई तिच्या आईकडून. चाळीस वर्षं ती गात आली होती आणि एक गोष्ट तिला पक्की कळून चुकली होती. धवला कुणी ऐकत नाही. धवला चालू असतो. बायका त्याच्यावरून बोलतात, पोरं त्याच्यामधून पळतात, बँजोवाला त्याच्या मध्येच तारा जुळवतो. तो नसला तर मात्र लगेच कळतं.

गेल्या वैशाखात तुळशीरामच्या मुलीची, अमिषाची, हळद झाली. तेव्हा कॉइनचा भाव उधाणासारखा चढलेला. तुळशीरामनं मांडवाच्या तोंडाशी, गणपतीच्या फोटोशेजारी, चौकोनी काळ्या ठिपक्यांचं ते क्यूआरचं चित्र चौकटीत घालून टांगलं आणि लोकांनी पाकिटाऐवजी फोन पुढे करून कॉइनचा आहेर केला. थोरल्या भावाला त्यानं सांगितलं होतं, ही नुसती आहेरापुरती गंमत. प्रणय तिथं उभा राहून ज्याला जमत नव्हतं त्याला करून देत होता. त्यानं स्वतः मात्र अमिषासाठी पैठणी आणली होती, कारण त्याच्या आईनं तसं सांगितलं होतं.

“मावशी,” तो कृष्णाबाईच्या कानाशी वाकून म्हणाला होता, “ह्यांची नावं गाऊ नको. हे असलं पुकारत नसतात.”

तिला राग आला होता. “आहेर दिला नि नाव न्हाय? त्ये काय चोरीचं हाय का रं?”

आणि ती गायली. तेवीस घरं, तेवीस ओळी, मानाच्या क्रमानं.

*आंब्याखालच्या तुलशीरामाचे दारी गो मांडव मोत्यांचा,*
*बांधावरचा हरेश्वर आयला, आहेर आणलान सोन्याचा…*

कॉइनला दुसरं काय म्हणायचं ते तिला सुचलं नाही, म्हणून ती प्रत्येक ठिकाणी सोनं म्हणाली. यजमान सोडून बावीस जणांचं सोनं, आणि शेवटी, वेगळ्या चालीत, प्रणयची पैठणी. कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं, त्या टांगलेल्या चौकटीसकट. तुळशीरामनं ते पुढे पाठवलं, मोठ्या हौसेनं, अख्ख्या जगाला.

पण त्यात बँजो होता. नुसत्या त्या व्हिडिओवरून कुणाला सगळी नावं लागली नसती. हे कृष्णाबाईला माहीत होतं.

तो चौकोनी चष्म्याचा माणूस आला होता माघातल्या एका सकाळी. गाडी वडाशी उभी करून, चपला खाली काढून ओटीवर आला. म्हणाला, “आजी, मी सरकारी नोंदणीच्या कामासाठी आलोय. नवीन नियम आहे.” गळ्यातलं कार्डही दाखवलं. त्यानं काही लपवलं नाही. कृष्णाबाईनं ते ऐकलं आणि पाखडून झालेलं सूप बाजूला ठेवावं तसं बाजूला ठेवलं. कारण पाठोपाठ त्यानं फोन काढला होता आणि त्यातून तिचाच आवाज येत होता.

“हे तुम्हीच गायलंय ना? मी चार वेळा ऐकलं. रात्री घरी गेल्यावर पुन्हा लावलं, बायकोलाही ऐकवलं.”

चार वेळा. तिच्या नवऱ्यानं, तो होता तोवर, एकदासुद्धा अख्खा धवला ऐकला नव्हता.

तिनं चहा ठेवला. आलं किसून घातलं.

“इथे नाव नीट कळत नाही, आजी. मध्येच बँजो येतो.”

“त्यो मेला बँजोवाला! कवा थांबायचं त्ये त्याला त्याच्या आयशीनं शिकवलं न्हाय.” आणि तिनं ती ओळ त्याच्यासाठी म्हटली, बँजोशिवाय, सावकाश. तो लिहून घेत होता. मग पुढची. मग तिसरी. कुठल्या आंब्याखालचा, त्या आंब्याची गोष्ट काय, दोन विहिरींपैकी गोड्या पाण्याची कुठली, सगळं तिनं सांगितलं. मध्येच वडापाशी एक मोटरसायकल थबकली आणि निघून गेली. तिनं तिकडं बघितलंही नाही. ती सांगत होती आणि समोरचा माणूस ऐकत होता, आणि असं कुणी तिच्यासमोर कधी बसलं नव्हतं. तो उठला तेव्हा तिनं विचारलं, “माजं नाव पन लिवलंस का?” तो म्हणाला, “तुमचं नको, आजी.” तिला थोडं वाईटच वाटलं होतं.

नऊ वर्षांची असताना, मोजणीवाले मिठागरावर आले त्या दिवशी, बापानं सांगितल्याप्रमाणे ती म्हणाली होती, मना म्हाईत न्हाय. लिमलेटची गोळी दिली तरी म्हणाली होती. बिस्किटाचा पुडा दाखवला तरी म्हणाली होती. पण तेव्हा त्यांच्यातल्या कुणी तिला गाणं म्हणायला सांगितलं नव्हतं.

*

विनिता सोमवारी सुपारी घेऊन आली. ताम्हणात तांदूळ, नारळ, वर सुपारी, बाजूला खण. सगळं रीतीप्रमाणे. ती ओटीवर चढली नाही, पायरीशीच उभी राहिली.

“किस्नाबाय, बुधवारी प्राप्तीची हलद हाय. तुला मान द्याया आयलेय.”

“वर ये.”

“न्हाय. कोन बघंल, नि तुलाच तरास.” तिनं ताम्हण ओटीच्या कडेला ठेवलं. “तुला यायाचं नसंल तं आताच सांग. मी राग मानायची न्हाय. पन पोरीच्या अंगाला हलद लागल्यावर नको सांगू. नवऱ्याकडचे किहीमवरनं येनार. धवलारीन का न्हाय म्हनून इचारलं, तं मी काय सांगू? पोरगीच घाबरतेय सारकी, हलद मोडतील म्हनून.”

प्राप्तीच्या बारशाला कृष्णाबाईनंच पाळणा म्हटला होता. पोर इतकी रडत होती की गाणं थांबवून तिला खांद्यावर घ्यावं लागलं होतं.

“प्रणय काय म्हंतोय?”

“काय म्हननार? जेवत न्हाय. मी म्हनलं, आयेच्या गल्याची शपथ घे, तू दिलीस का नावं? त्यानं शपथ घेतली. मंग मी म्हनलं, तुला ठाव हाय का कोनी दिली?” विनिता थांबली. “त्यावं कायच बोलला न्हाय. उठून भायेर गेला.”

वडावर कावळा ओरडत होता. कृष्णाबाईनं हात पुढे केला, ताम्हणातली सुपारी उचलली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. विनितानं दोन्ही डोळे तळहातानं पुसले आणि दुसरं काही न बोलता निघून गेली.

सुपारी घेतली खरी, पण त्यानं काय ठरलं होतं? गायला जाणं आणि खरं बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि मंगळवारभर तिनं त्या वेगळ्याच ठेवल्या. आपण जाऊ, गाऊ, मुकाट्यानं परत येऊ. गाव चार दिवस बोलेल. म्हातारीला कोण काय करणार? पण मग दुसरी गोष्ट मान वर काढायची. ही गोष्ट कळली, तर ज्या तेवीस घरांची नावं तिला तोंडपाठ आहेत त्यांतलं एकही घर तिला पुन्हा बोलावणार नाही. आणि धवलारणीला कुणी बोलावलं नाही, तर ती घरात एकटी बसून कुणाचं लग्न लावणार?

*

बुधवारी उन्हं कलली तशी प्रणयची मोटरसायकल वडाशी येऊन थबकली. तोच आवाज. कृष्णाबाई नऊवारी नेसून, केसांत अबोली घालून, ओटीवर तयार बसली होती. तिनं त्या आवाजाकडे कान दिला आणि उठता उठता पुन्हा खाली बसली.

प्रणय जवळ आला. दाढी वाढलेली, शर्ट मात्र नवा, इस्त्रीच्या घड्या दिसणारा.

“चल, मावशी. मागं बसशील ना नीट? का टमटम आनू?”

“त्या दिवशी तूच होतास काय रं?” ती म्हणाली.

“कुठल्या दिवशी?”

“माघात. वडाशी थांबून गेलास.”

प्रणयनं चावीचा जुडगा बोटावर फिरवला. एकदा. दोनदा.

“तुझ्यासाठी आयस्क्रीम घेऊन आलेलो, पेणवरनं,” तो म्हणाला. “तू गात होतीस. तो लिहीत होता. मला वाटलं कोन रेडिओवाला आसंल. म्हनलं नको मध्ये बोलायला, मावशी खूश हाय.” तो थोडा हसला. “मग पंचायतीत तो दिसला. तुला नमस्कार करत होता.”

“मंग सांगितलं का न्हायस? शटरवर लिवलं तवा? आयशीनं शपथ घालून इचारलं तवा?”

“सांगून काय झालं असतं?” त्यानं खांदे उडवले. “मी काय, पनवेलला जाऊन खोली घेईन. मोबाइलचं दुकान कुठं पन चालतं. तू कुठं जाशील?”

कृष्णाबाईनं पदराच्या गाठीतली सुपारी चाचपली.

“टेन्शन नको घेऊ,” प्रणय म्हणाला. “आज नुसतं गा. प्राप्ती सकाळपासून विचारते, मावशी येतेय ना, मावशी येतेय ना. चल.”

ती त्याच्या मागं बसली. वाटेत नाक्यावरून जाताना शटरवरची अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण ती कुठली हे तिला माहीत होतं.

*

मांडव लहान होता आणि तरी मोठा वाटत होता. साठ खुर्च्या मांडलेल्या, त्यातल्या दहाबारांवर माणसं: विनिताच्या माहेरच्या चार बायका, किहीमहून आलेली नवऱ्याकडची मंडळी, जी इकडंतिकडं बघून आपसांत हळू बोलत होती. मधोमध पाटावर प्राप्ती, हिरव्या बांगड्यांनी भरलेले हात मांडीवर ठेवून, मान खाली. कृष्णाबाई आली तशी तिनं मान वर केली आणि लगेच पुन्हा खाली घातली, पण तेवढ्यात तिचा चेहरा दिसून गेला.

रस्त्यापलीकडं, आंब्याच्या पारावर, तुळशीराम आणि दोघंतिघं बसले होते. मांडवात कोण जातं ते बघत होते. त्यांना कृष्णाबाई दिसली. तुळशीराम हसला नाही.

“बँजोवाला आलाच न्हाय,” प्रणय पुटपुटला. “आगाऊ पैसे पन परत पाठवले त्यानं.” त्यानं माइक तिच्यासमोर धरला. कर्णा माडाला बांधलेला होता, तोंड गावाकडं करून. ते असंच बांधायची रीत होती, म्हणजे जे आले नाहीत त्यांनाही कळावं की लग्न लागतंय.

कृष्णाबाईनं डोळे मिटले आणि सुरुवात केली. शिवेवरच्या देवीला बोलावलं. खाडीच्या देवाला बोलावलं. प्राप्तीच्या बापाला बोलावलं, ज्याला जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि तो यावा म्हणून उंबऱ्याशी पाणी ठेवलं असल्याचं गायली. विनिता खांबाला धरून उभी होती. तांदळाला बोलावलं, हळदीला बोलावलं. हळूहळू तिच्या ध्यानात आलं की काहीतरी वेगळं आहे. बँजो नव्हता. पोरं पळत नव्हती. बायका बोलत नव्हत्या. कर्ण्यातून निघालेला तिचा आवाज गावावरून जात होता आणि घराघरांच्या भिंतींना लागून परत येत होता, अख्खा, एक अक्षर न सांडता. पलीकडच्या घरात कुणीतरी टीव्ही बंद केला. एक खिडकी उघडली. दुसरी. पारावरची माणसंही गप्प होती.

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच गाव धवला ऐकत होतं.

मग नावांची जागा आली. मांडवात कोण आलं, कुणी काय आणलं. ओळ उचलायला तिनं श्वास घेतला आणि डोळे उघडले. रिकाम्या खुर्च्या समोर होत्या. तिच्या तोंडात तेवीस नावं होती, क्रमानं, आणि त्यांतलं एकही मांडवात नव्हतं.

ती थांबली.

किहीमच्या मंडळींनी मान वळवली. विनिता खांबापासून एक पाऊल पुढे आली. प्राप्तीच्या बांगड्या किणकिणल्या. प्रणयला वाटलं तिला ठसका लागला, त्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला. तिनं तो खाली ठेवला आणि त्याच्या हातातला माइक आपल्या हातात घेतला. प्रणयनं तिच्या तोंडाकडं बघितलं, आणि त्याचा हात मागच्या माइकच्या पेटीवरच्या बटनाकडं जायला लागला. कृष्णाबाईनं दुसऱ्या हातानं त्याचं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात अजून जोर होता. लहानपणी तिनं मीठ ओढलेलं होतं.

“आयका,” ती म्हणाली. गाण्यातला नव्हे, बोलण्यातला आवाज, आणि तो कर्ण्यातून भलताच मोठा झाला. पारावर तुळशीराम उठून उभा राहिला.

“सरकारला नावं कोनी दिली, त्ये मना म्हाईत हाय,” कृष्णाबाई म्हणाली. “माज्या ओटीवं बसून, आल्याचा चा पाजून, मी दिली.”